डिजिटल सहीची चावी कोणाच्या खिशात? टोकन, एसएसएल आणि चार सोप्या कमांड



एक साधा प्रश्न. तुमच्या दुकानाच्या शटरची चावी किती जणांकडे आहे? लगेच उत्तर आलं ना? एक माझ्याकडे, एक घरी, फार तर एक भावाकडे. आता दुसरा प्रश्न. तुमच्या डिजिटल सहीचा टोकन आत्ता, या क्षणी कुठे आहे? आणि त्याचा पिन कोणाकोणाला माहीत आहे?

इथे बरेच जण थांबतात. "सीए साहेबांकडे असेल", "टेंडर भरणाऱ्या मुलाकडे आहे", "ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये असावा". माझ्या दुकानात स्टेशनरीसोबत ऑनलाइन फॉर्मचं काम चालतं. लोक टोकन घेऊन येतात आणि पिन टोकनलाच स्टिकर लावून लिहिलेला असतो. म्हणजे तिजोरीवरच तिचा नंबर लिहून ठेवल्यासारखं झालं!

या आठवड्याच्या व्हिडिओत मी स्क्रीनवर चार कमांड करून दाखवल्या आहेत. पण कमांडच्या आधी त्यामागचं समजलं पाहिजे, म्हणून हा लेख. कमांडचं नेमकं इंग्रजी स्पेलिंग व्हिडिओत थांबवून बघा. इथे त्या काय करतात आणि तुमच्या धंद्याला त्यांचा काय उपयोग, ते बघू.

आधी दोन शब्द पक्के करू: प्रमाणपत्र आणि प्रायव्हेट की

तुमच्या दुकानात भिंतीवर उद्यम प्रमाणपत्र फ्रेम करून लावलंय. ते कोणीही वाचावं, फोटो काढावा, काही बिघडत नाही. गल्ल्याची चावी मात्र तुम्ही भिंतीवर टांगत नाही.

डिजिटल सहीतही अशाच दोन गोष्टी असतात. प्रमाणपत्र म्हणजे सर्टिफिकेट. त्यात तुमचं नाव, कोणी दिलं, कधीपासून कधीपर्यंत चालेल हे असतं, आणि सोबत एक पब्लिक की असते. हे सगळं जगाला दाखवण्यासाठीच आहे. प्रायव्हेट की म्हणजे तिची जोडीदार असलेली गुप्त चावी. सही होते ती या चावीने. समोरचा माणूस तुमच्या पब्लिक कीने तपासतो की सही खरंच या जोडीतल्या गुप्त चावीने झाली आहे का, आणि सहीनंतर कागदात काही बदललंय का.

म्हणून नियम सोपा आहे. प्रमाणपत्र कोणी मागितलं तर बिनधास्त द्या. प्रायव्हेट की मागितली तर देऊ नका, मग मागणारा कितीही ओळखीचा असो.

पिनबद्दल एक गैरसमज काढून टाका. पिन म्हणजे चावी नव्हे. चावी टोकनच्या आत बसलेली आहे, आणि पिन म्हणजे टोकनच्या दाराची कडी. दोन्ही एकाच माणसाच्या हातात गेले, की तो तुमच्या नावाने सही करू शकतो. आणि ती सही बघून कोणालाच कळणार नाही की बटण तुम्ही दाबलं नव्हतं.

कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. १७ ऑक्टोबर २००० पासून तो लागू आहे. या कायद्याने डिजिटल सहीला हाताच्या सहीसारखीच मान्यता दिली. हे बहुतेकांना माहीत असतं. पण याच कायद्याचं कलम ४२ फार कमी लोकांनी वाचलेलं असतं.

कलम ४२ सांगतं, की ज्याच्या नावाने प्रमाणपत्र आहे त्याने प्रायव्हेट की आपल्या ताब्यात राहील याची वाजवी काळजी घ्यायची. चावी दुसऱ्याच्या हाती लागली असेल तर विलंब न लावता प्रमाणपत्र देणाऱ्या कंपनीला कळवायचं. आणि पुढचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं: कळवेपर्यंत जबाबदारी प्रमाणपत्रधारकाची, म्हणजे तुमची.

दुसऱ्याची डिजिटल सही किंवा पासवर्ड लबाडीने वापरणं हा कलम ६६ सी खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पण तो पुढचा भाग झाला. आधी तुम्हालाच सिद्ध करत बसावं लागेल की सही तुम्ही केली नाही. ज्याने स्वतः पिन सांगितलाय, त्याला ते किती जड जाईल, विचार करा.

तुम्हाला डिजिटल सही लागते का?

उगाच खर्च करू नका. नवीन धंदा सुरू करणारे बरेच जण "सगळं एकदम करून टाकू" म्हणून टोकन घेतात आणि तो दोन वर्षं कपाटात पडून राहतो. आणि त्याची मुदत मात्र चालूच असते!

- उद्यम नोंदणी: टोकन लागत नाही. आधारच्या ओटीपीवर होते.
- एकट्याचा मालकी धंदा आणि जीएसटी: रिटर्न ओटीपीवर, म्हणजे ईव्हीसी पद्धतीने भरता येतं.
- प्रायव्हेट लिमिटेड कंपनी किंवा एलएलपी: इथे टोकन लागतोच. कंपनी स्थापनेच्या फॉर्मपासून त्याची गरज पडते, जीएसटीतही लागतो.
- सरकारी ई-टेंडर: महाटेंडर्ससारख्या पोर्टलवर टेंडर भरायचं तर टोकन हवाच. इलेक्ट्रिकल काँट्रॅक्टर, मंडप-केटरिंगवाले, ऑफिसला स्टेशनरी पुरवणारे, तुमच्यासाठी हे कामाचं आहे.

घ्यायची ठरली तर क्लास ३ घ्या. क्लास २ प्रमाणपत्रं १ जानेवारी २०२१ पासून देणं बंद झालंय, त्यामुळे कोणी "स्वस्तात क्लास २ देतो" म्हणाला तर तिथून निघा. ईमुद्रा, कॅप्रिकॉर्न, एनकोड अशा परवानाधारक कंपन्या आहेत. परवाना देणारं सरकारी कार्यालय म्हणजे कंट्रोलर ऑफ सर्टिफाइंग ऑथॉरिटीज. त्यांच्या साइटवर पूर्ण यादी आहे, एजंटचं ऐकण्याआधी ती बघा.

टोकन घेताना या तीन गोष्टी सोडू नका

१. मोबाइल आणि ईमेल तुमचाच द्या. एजंट घाईत स्वतःचा नंबर टाकतात. "ओटीपी मीच घेतो, तुम्हाला त्रास नको." ऐकायला बरं वाटतं. पण उद्या टोकन हरवला आणि प्रमाणपत्र रद्द करायचं झालं, तर ओटीपी जाणार त्याच्याकडे. तुमच्याच सहीसाठी तुम्ही त्याला फोन लावत बसणार.

२. पहिला पिन स्वतः बदला. टोकनसोबत आलेला पिन दुकानदाराला माहीत असतो. घरी आल्यावर पहिलं काम पिन बदलणं. १२३४५६७८ ठेवू नका, गाडीचा नंबर ठेवू नका. आणि लक्षात ठेवा, ठराविक वेळा चुकीचा पिन टाकला की टोकन लॉक होतो.

३. टोकन फॉरमॅट करू नका. प्रायव्हेट की टोकनच्या आतच तयार होते आणि तिथून बाहेर कॉपी करता येत नाही. हीच तर त्याची सुरक्षितता आहे. पण म्हणूनच तिचा बॅकअपही नसतो. कोणी "पिन विसरलात? थांबा, इनिशियलाइज करून देतो" म्हणालं, तर समजा चावी गेली. मग नवीन प्रमाणपत्र घेण्याशिवाय इलाज नाही.

कमांड १: माझ्या कॉम्प्युटरवर कोणाकोणाची प्रमाणपत्रं आहेत?

विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा. काळी खिडकी बघून घाबरू नका. आपण फक्त वाचतोय, काही बदलत नाही. टोकन लावा आणि सर्टयुटिलची कमांड चालवा. व्हिडिओत सुरुवातीला दाखवलीय. सर्टयुटिल विंडोजसोबतच येतं, वेगळं काही डाउनलोड करायचं नाही.

यादी येते. प्रत्येक प्रमाणपत्रासाठी सिरियल नंबर, कोणी दिलं, कोणाच्या नावाने, कधी सुरू आणि कधी संपणार. यातल्या तीन गोष्टी वहीत लिहा: नाव, सिरियल नंबर, शेवटची तारीख. प्रमाणपत्र रद्द करायची वेळ आली की हाच सिरियल नंबर उपयोगी पडतो. टोकन हरवल्यावर तो शोधायला जाल तर उशीर झालेला असतो.

आणखी एक गंमत. ही कमांड ऑफिसच्या जुन्या कॉम्प्युटरवर चालवून बघा. नोकरी सोडून गेलेल्या भागीदाराचं किंवा मुदत संपलेलं प्रमाणपत्र यादीत दिसतं का? नुसतं प्रमाणपत्र राहिलं असेल तर धोका नाही, चावी टोकनमध्ये आहे. पण सही करताना चुकीचं नाव निवडलं जातं आणि पोर्टल एरर देतं. शेवटच्या तारखेच्या रात्री अकरा वाजता हा एरर शोधणं फार महागात पडतं.

सीए साहेबांना टोकन द्यायचाच नाही का?

प्रॅक्टिकल बोलू. सीए, टॅक्स कन्सल्टंट, टेंडर भरणारे, सगळ्यांकडे कामाचा ढीग असतो. "तुम्ही प्रत्येक वेळी येऊन पिन टाका" हे दोघांनाही नकोसं वाटतं. त्यांच्यावर अविश्वास दाखवायचा विषय नाही. त्यांच्या ऑफिसमध्ये पाच मुलं काम करतात, दोन वर्षांत त्यातली तीन बदलतात, आणि ड्रॉवरमध्ये चाळीस टोकन असतात. प्रश्न तिथे आहे.

मी माझ्या ग्राहकांना तीन मार्ग सुचवतो:

- फॉर्म त्यांनी तयार करावा, सहीच्या वेळी टोकन तुम्ही लावावा आणि पिन तुम्ही टाकावा. बहुतेक वेळा पाच मिनिटांचं काम असतं. माझ्या दुकानातही मी कीबोर्ड ग्राहकाकडे सरकवतो आणि तोंड फिरवतो.
- कामं जास्त असतील तर विश्वासू माणसाला जीएसटीत अधिकृत सही करणारा म्हणून नेमा आणि त्याच्या स्वतःच्या नावाचा टोकन घ्या. मग कोणी सही केली हे कागदावर स्पष्ट राहतं. कंपनी असेल तर त्यासाठी ठराव करा.
- जिथे ओटीपीवर भागतं तिथे ओटीपी वापरा. टोकन काढूच नका.

तो माणूस नोकरी सोडून गेला तर पोर्टलवरून त्याचं नाव काढा आणि त्याचं प्रमाणपत्र कंपनीच्या नावाने घेतलेलं असेल तर रद्द करा. नुसता टोकन परत घेतला म्हणून काम संपत नाही.

आता वेबसाइट: इथेही एक चावी आहे

"माझी छोटी साइट आहे, मसाले विकतो, मला कसलं प्रमाणपत्र?" असं म्हणू नका. तुमच्या साइटचा पत्ता एचटीटीपीएसने सुरू होतो, तो एसएसएल सर्टिफिकेटमुळे. तिथेही तीच जोडी: प्रमाणपत्र सगळ्यांना दिसतं, प्रायव्हेट की सर्व्हरवर लपलेली असते. प्रमाणपत्र संपलं की ग्राहकाच्या मोबाइलवर "कनेक्शन सुरक्षित नाही" असा मोठा इशारा येतो. ग्राहक ऑर्डर देत नाही, फोनही करत नाही. सरळ निघून जातो.

तुमचं दुकान शॉपिफाय, विक्स अशा प्लॅटफॉर्मवर असेल तर हे काम तेच सांभाळतात. पण कोणा डेव्हलपरने वेगळं होस्टिंग घेऊन साइट बनवली असेल, तर पुढचं नीट वाचा.

पहिली गोष्ट, पैशांची. लेट्स एन्क्रिप्ट नावाची ना-नफा संस्था २०१५ पासून मोफत प्रमाणपत्रं देते, आणि ती ब्राउझरमध्ये व्यवस्थित चालतात. दरवर्षी "एसएसएल चार्ज" म्हणून बिल येत असेल, तर विचारा की प्रमाणपत्र कोणाचं आहे. बसवण्याची आणि देखभालीची मजुरी घेणं योग्यच आहे. पण ती मजुरी म्हणून लिहा म्हणावं.

दुसरी गोष्ट, मुदतीची. ही मुदत आता झपाट्याने कमी होतेय. सप्टेंबर २०२० पासून जास्तीत जास्त ३९८ दिवस होती. एप्रिल २०२५ मध्ये सीए-ब्राउझर फोरमने ठरवलं, की १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून फक्त ४७ दिवस. म्हणजे "वर्षातून एकदा आठवणीने रिन्यू करू" ही पद्धत संपली. रिन्यू आपोआपच झालं पाहिजे. त्यात लेट्स एन्क्रिप्टने मुदत संपण्याच्या आठवणीचे ईमेल जून २०२५ मध्ये बंद केलेत. आता आठवण तुम्हालाच ठेवायची आहे.

कमांड २: साइटचं प्रमाणपत्र कधी संपतंय?

यासाठी ओपनएसएसएल लागतं. लिनक्सवर बहुधा असतंच. विंडोजवर गिट इन्स्टॉल केलं की त्याच्या गिट बॅशमध्ये ते मिळतं. कमांडचे दोन भाग आहेत: पहिला तुमच्या साइटला ४४३ नंबरच्या पोर्टवर जोडला जातो, दुसरा आलेल्या प्रमाणपत्रातून फक्त तारखा काढून दाखवतो. "नॉट आफ्टर" पुढची तारीख म्हणजे शेवटचा दिवस. कसलाही पासवर्ड लागत नाही, कारण प्रमाणपत्र जाहीरच असतं. स्वतःची साइट बघा, हवं तर शेजारच्याचीही बघा.

कमांड ३: चावी आणि प्रमाणपत्राची जोडी जुळते का?

होस्टिंग बदलताना हमखास येणारी अडचण. डेव्हलपर दोन फाइल देतो आणि नवीन सर्व्हर म्हणतो, "जुळत नाहीत." अशा वेळी ओपनएसएसएलने प्रायव्हेट कीमधून पब्लिक की काढायची, मग प्रमाणपत्रातूनही पब्लिक की काढायची. दोन्हीचा मजकूर अक्षरशः सारखा आला तर जोडी बरोबर. एकही अक्षर वेगळं असेल तर कुठली तरी फाइल दुसरी आहे. हे तुमच्याच सर्व्हरवर करा. इंटरनेटवर "की मॅचर" साइट्स असतात, तिथे प्रायव्हेट की पेस्ट करायची नाही म्हणजे नाही.

तसंच, प्रायव्हेट की व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर पाठवायची नाही. ती सर्व्हरवरच तयार व्हावी आणि तिथेच राहावी. प्रमाणपत्र मागताना बाहेर जाते ती सीएसआर नावाची अर्जाची फाइल, आणि तिच्यात प्रायव्हेट की नसते. ती खुशाल पाठवा. डेव्हलपरला एवढंच सांगा, की चावीच्या फाइलची परवानगी ६०० ठेव. म्हणजे ती फक्त मालक खातं वाचू शकेल, बाकी कोणी नाही.

कमांड ४: आपोआप रिन्यू होतंय की नुसतं म्हणतायत?

स्वतःचा सर्व्हर असेल तर बऱ्याच ठिकाणी सर्टबॉट हे प्रोग्राम वापरतात. त्यात रिन्यूची तालीम करायची सोय आहे, तिला ड्राय रन म्हणतात. खरं प्रमाणपत्र बदलत नाही, पण बदलायची वेळ आली तर जमेल का ते तपासून सांगतं. महिन्यातून एकदा डेव्हलपरला ही तालीम करून स्क्रीनशॉट पाठवायला सांगा. देखभालीच्या करारात ही ओळ लिहूनच घ्या.

डेव्हलपर सोडून गेला तर?

टोकन आणि साइट यांच्यात इथे मोठा फरक आहे. साइटची प्रायव्हेट की हरवली किंवा जुन्या डेव्हलपरकडे राहिली, तर घाबरायचं कारण नाही. नवीन चावी बनवा, नवीन मोफत प्रमाणपत्र घ्या, जुनं रद्द करा. तासाभराचं काम.

पण हे कोणाला करता येतं? ज्याच्या ताब्यात डोमेन आहे त्याला. लेट्स एन्क्रिप्ट तुमचं आधार बघत नाही. ते फक्त तपासतं की मागणाऱ्याचा त्या डोमेनवर ताबा आहे का. म्हणजे साइटची खरी मास्टर चावी म्हणजे डोमेनचं खातं! ते डेव्हलपरच्या ईमेलवर असेल, तर तुमच्या दुकानाच्या पाटीचा मालक कागदोपत्री तो आहे. आजच बघा: डोमेन कोणाच्या नावावर, कोणत्या ईमेलवर, कोणाच्या मोबाइलवर. दुसऱ्याचं असेल तर संबंध चांगले असतानाच बदलून घ्या. भांडण झाल्यावर हे काम दहापट अवघड होतं.

टोकन हरवला तर या क्रमाने करा

१. प्रमाणपत्र देणाऱ्या कंपनीला लगेच कळवा आणि प्रमाणपत्र रद्द करून घ्या. सिरियल नंबर वहीत आहेच. कळवल्याचा ईमेल जपून ठेवा. कलम ४२ आठवा, जबाबदारी कळवेपर्यंत तुमची.
२. जीएसटी, कंपनी खातं, टेंडर पोर्टल, जिथे जिथे ती सही नोंदवलीय तिथे लॉग-इन करून अलीकडे काय दाखल झालंय ते बघा.
३. नवीन प्रमाणपत्र घ्या आणि प्रत्येक पोर्टलवर नव्याने नोंदवा. हे आपोआप होत नाही.
४. टेंडरची तारीख जवळ असेल तर आधीच संबंधितांना फोन करा, शेवटच्या दिवसावर सोडू नका.

मुदत संपायला आलेल्या टोकनचंही तसंच. महिनाभर आधी नवीन घ्या. आणि फाइल कुलूपबंद करण्यासाठी, म्हणजे एन्क्रिप्शनसाठी वापरलेला टोकन असेल तर मुदत संपली म्हणून फेकू नका. त्या चावीने बंद झालेली फाइल त्याच चावीने उघडते.

आजचा गृहपाठ: एक पान, वीस मिनिटं

वहीचं एक पान घ्या, त्याला "चावी-पान" नाव द्या. सहा रकाने आखा: कसली चावी, कोणाच्या नावाने, सिरियल नंबर, शेवटची तारीख, आत्ता कोणाकडे आहे, नोंदणीतला मोबाइल-ईमेल कोणाचा. त्यात टोकन, साइटचं प्रमाणपत्र आणि डोमेन अशा तीन ओळी भरा. पिन आणि पासवर्ड मात्र या पानावर लिहायचे नाहीत.

शेवटच्या दोन रकान्यांत जिथे तुमचं नाव नसेल, तिथे लाल पेनाने गोल करा. या आठवड्यात एक गोल पुसायचा. कन्सल्टंटकडे जा, चहा घ्या, आणि शांतपणे सांगा, "साहेब, टोकन मी घेऊन जातो. सही लागेल तेव्हा फोन करा, मी येतो."

कोणी चांगला कन्सल्टंट याला नाही म्हणणार नाही. उलट त्याच्या ड्रॉवरमधली एक जोखीम कमी होते.

पुढच्या भागात बघू, डोमेन दुसऱ्याच्या नावावर असेल तर आपल्या नावावर कसं करून घ्यायचं. तोपर्यंत पान भरून ठेवा. भेटू लवकरच!